मामाच्या कपाटातले चाळीस पेले

मी एक जुना काचेचा पेला आहे. पेला म्हटल्यावर पाणी प्यायचा पेला डोळ्यांपुढे आणू नका, मित्रांनो! माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी. माझ्यात जेमतेम दोन घोट मावतात. पण मी प्रभुभोजनाचा पेला आहे, आणि एकटा नाही. आम्ही चाळीस भावंडं एकाच साच्यातून निघालो, आगबोटीने टोंगाच्या या बेटावर आलो आणि भोकं पाडलेल्या गोल लाकडी तबकात शेजारी शेजारी बसलो. तीस वर्षं चर्चच्या मेजावर आमचा मान होता. प्रभूच्या आठवणीत एकेकाने प्यायला आमच्यात द्राक्षांचा लाल रस भरायचे, आणि गावातली भांडखोर माणसंसुद्धा आम्हांला हात लावताना गप्प व्हायची.

आमचा सांभाळ करायचे चर्चचे कारभारी वायनिकोलो. सारं गाव त्यांना मामाच म्हणे. दर शनिवारी मामा आम्हांला धुवायचे, एकेकाला उजेडासमोर धरून पाहायचे आणि मग आपल्या घरच्या कपाटात ठेवून कुलूप लावायचे. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पण एका मंगळवारी मामा मासे धरायला गेले असताना कपाट उघडलं. समोर सेलुवाया! मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, गावच्या शाळेतली बाई. आमच्याकडे मामाच्या घरातली कुठलीही वस्तू भाचीने न विचारता न्यावी, अशी रीत आहे. डुक्कर नेलं तरी मामाने हसून दोरी हातात द्यायची. पण प्रभूचे पेले? मी तर हादरूनच गेलो!

तिचंही खरं होतं म्हणा. वर्गात अडतीस मुलं आणि विज्ञानाच्या सामानात एकच काचेची नळी, तीही तडकलेली. बाई दाखवणार, मुलं लांबून बघणार. नव्या नळ्या ऑकलंडहून मागवायच्या तर शाळेला झेपत नव्हत्या. तिने करवंट्या आणून पाहिल्या, पण काळ्या करवंटीत रंग दिसेना. बाटल्यांची झाकणं जमवली, त्यांतूनही आरपार दिसेना. तिला हवं होतं स्वच्छ, एकसारखं, लहान आणि ढीगभर. आणि मामाच्या कपाटात आम्ही चाळीस!

शाळेत जे झालं ते सांगताना अजून माझी काच थरथरते. माझ्यात जास्वंदीच्या फुलांचं पाणी ओतलं. शेजारच्या माझ्या भावात लिंबू पिळलं, तर पाणी लालभडक! माझ्यात खायचा सोडा टाकला, तर हिरवंगार! माझ्या जन्मात मी लाल सोडून दुसरा रंग पाहिला नव्हता हो.

"बाई, बाई! माझं हिरवं झालं!" दहा वर्षांची तोआकासे बाकावर उभी राहून ओरडली. "मी केलं! माझ्या हाताने केलं!"

"अगं, खाली बस आधी, फोडशील तो," सेलुवाया म्हणाली, पण ती हसत होती.

खरं सांगू? इतक्या आनंदाने मला कुणीच कधी धरलं नव्हतं. चार दिवस हेच चाललं. पण पावसाच्या पाण्याची टाकी तळाला गेलेली. शेवटच्या दिवशी मुलांनी आम्हां सगळ्यांना एकाच बादलीत, त्याच पाण्यात बुडवून काढलं. ते वाळलं आणि प्रत्येकाच्या तळाशी सोड्याचा पांढरा थर बसला.

"मामा, धुवूनच आणलेत हं," शनिवारी तबक परत देताना ती म्हणाली.

"अगं पण..." मामांचा हात बादलीकडे गेला आणि थांबला. भाचीने धुतलेलं मामाने पुन्हा धुणं म्हणजे तिचा अपमान! मामांनी आम्हांला तसंच कपाटात ठेवलं. मी मनात ओरडत होतो, मामा, उजेडासमोर धरा हो एकदा!

रविवारी चर्चच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत मामांनी रस भरला. त्यांची नजर अधू. वर पांढरं कापड घातलं. पाळक इसिलेली यांनी मेजावर ते कापड उचललं, आणि चाळीसच्या चाळीस पेल्यांत काळपट हिरवं पाणी!

"अरे देवा! विष!" पुढच्या बाकावरची म्हातारी किंचाळली. पाळकांच्या हातातलं कापड खाली पडलं. सगळं चर्च मामांकडे वळलं. किल्ली त्यांच्याकडे होती ना!

"विष नाही, सोडा आहे!" पोरांच्या बाकावरून तोआकासे ओरडली. "लिंबू पिळा, परत लाल होईल!" आईने तिचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

सेलुवाया उभी राहिली. "मामाचा काही दोष नाही. पेले मी नेले होते. शाळेला."

"विचारलं होतंस?" पाळकांनी विचारलं.

"मामाच्या घरातलं भाचीने विचारायचं असतं का?"

"घर मामाचं, पोरी. पेले कुणाचे?"

सेलुवायाची मान खाली गेली. पाळक मामांकडे वळले. "वायनिकोलो, तू पुन्हा का नाही धुतलेस?"

"भाचीने धुतले होते," मामा म्हणाले. गावाला ही रीत ठाऊक होती, कुणी बोट दाखवलं नाही. पण मामांनी स्वतःच कारभार सोडला; सकाळी खिशात टाकलेली किल्ली काढून मेजावर ठेवली. भाची रडत राहिली.

पुढे आमच्यातून प्यायला कुणी धजेना, म्हणून चर्चसाठी प्लास्टिकचे नवे पेले आले. पाळकांनी आम्हांला शाळेत पाठवून दिलं. माझा मान गेला, असं वाटून मी सुन्न झालो होतो.

पहिल्याच शुक्रवारी वर्गाच्या दारात मामा! हातात घरच्या पाण्याची बादली.

"मामा, तू कशाला? मुलं धुतील की," सेलुवाया म्हणाली.

"धुऊ देत. त्यांच्यानंतर मी धुईन."

ती फडकं घेऊन त्यांच्या शेजारी बसली. मामांनी मला विसळलं, उजेडासमोर धरलं आणि तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, आता मी रोज रंग बदलतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुम्हांला एवढंच सांगतो: वस्तू कितीही जवळच्या माणसाकडची असो, नेताना विचारा. आणि कुणी तुम्ही धुतलेलं पुन्हा धुवायला बसलं, तर रागावू नका. फडकं घेऊन त्याच्या शेजारी बसा.