सोळावी पाकळी

मंडल काढलं की मन शांत होतं, असं लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मी त्याला शांत करतो.

चौतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस मी. केसाइतका फरक पडला तरी जॉब भंगारात टाकायचो. आता निवृत्त होऊन जेवणाच्या टेबलावर फुलं काढत बसलोय. 'नवशिक्यांसाठी मंडल' हे पुस्तक म्हणतं, वर्तुळ तेवढं कंपासने काढा, पुढे पट्टी वापरू नका, हात मोकळा सोडा. सोडला. पंधरा पाकळ्या झकास आल्या आणि सोळावीला जागाच उरली नाही. ती बिचारी दाराच्या फटीत सापडल्यासारखी दिसते. वर पुस्तक सांगतं, मंडलात चूक अशी नसतेच. नसते म्हणजे? शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला नाही तर गिऱ्हाइकाला हेच सांगायचं का?

"अहो, एवढं दाबू नका," बायको म्हणाली. "खालच्या पानालाही भोक पडलंय."

"मग तूच काढ ना!"

"मला काय गरज? माझी नात मला घाबरत नाही."

दोन महिन्यांपूर्वी नातीच्या हातून माझ्या पेपरावर पाणी सांडलं आणि मी ओरडलो. एकदाच. त्या पाच वर्षांच्या जिवाने उभ्या जागी शू केली. मुलीने तिचे कपडे बदलले, तिला कडेवर घेतलं आणि दारातून म्हणाली, "बाबा, तुमचा राग आवरत नाही तोवर मी हिला इथे आणणार नाही." पुढच्या आठवड्यात नातीची सुट्टी लागते. दर सुट्टीत ती आमच्याकडेच असते. म्हणून हा सगळा खटाटोप. राग नाकाच्या शेंड्यावर आणि हातात रंगीत पेनं!

एकवीस पानं फाडली. एक कंपास भिंतीवर आपटून मोडला. बाविसाव्या पानावर सोळाच्या सोळा पाकळ्या बसल्या, तेव्हा मी एकटाच टाळी वाजवून मोकळा झालो.

रविवारी मुलगी आली. एकटीच, माझी परीक्षा घ्यायला. मी कागद पुढे सरकवला.

"तुम्ही काढलंत?" ती हसली. "छान जमलंय की, बाबा."

मी फुशारलो. बाहेरची एक ओळ बाकी होती. "ही तू काढ," म्हटलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

माझ्या मुलीच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. तिने नुसती भुवई उचलली तरी ऑफिसात धावपळ होते म्हणे. ती वाकली, दोन पाकळ्या काढल्या, आणि पेन सटकलं. काळी रेघ माझ्या चार पाकळ्यांवरून आडवी गेली.

मला राग आला नाही. देवाशपथ, आला नाही. माझं मलाच नवल वाटलं आणि तेच सांगायला मी तोंड उघडलं.

तोवर तिने पेन टाकून दोन्ही हात टेबलाखाली लपवले होते. मान खाली. "चुकून झालं बाबा, मुद्दाम नाही केलं," पाढा म्हणावा तशी ती भरभर म्हणाली. अडतीस वर्षांची बाई.

"अगं, मी कुठे काय म्हणालो?"

"नाही म्हणालात," ती म्हणाली. हात मात्र वर आले नाहीत.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला यात काही नवीन दिसत नव्हतं.

सुट्टीत नातीला पाठवशील ना, हे विचारायचं मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. मला ते विचारता आलं नाही.