साहेबांच्या बॅगेतला फोन

साहेब आरशासमोर भाषण पाठ करत होते. आसपासच्या चार शहरांनी माहिती-सेवेची कामं एकत्र करायची ठरवली होती. सगळ्यांचं एकच संकेतस्थळ, एकच मदतकेंद्र. या कामाचे समन्वयक म्हणजे आपले साहेब. आज चारही शहरांची माणसं जमणार होती. 'प्रत्येक स्त्रीच्या हाती फोन' हे वाक्य ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते.

सून चहा घेऊन दारात थांबली. नवरा अपघातात गेल्यापासून तिचा फोन साहेबांच्या कपाटात बंद पडून होता. हिसकावून नव्हता घेतला हो! सुशिक्षित घर ते. "तुला आता कोण फोन करणार?" असं मायेनं म्हणत काढून घेतला होता आणि त्याचं लॉकही बदललं होतं.

"बाबा, आज माझा फोन मिळेल का? मदतकेंद्रातल्या नोकरीसाठी अर्ज केलाय मी. शेजारच्या ताईंच्या कॉम्प्युटरवरून. केंद्राचा फोन यायचाय."

"नंबर कोणाचा दिलास?"

"माझाच. दुसरा कुठून आणू?"

"दिवसभर परक्यांशी फोनवर बोलत बसायचं?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लोक तोंडात शेण घालतील."

"फोन आला तर सांगेन की," साहेब टाय सारखा करत म्हणाले. "मी काय तुझ्या वाईटावर आहे?"

त्यांच्या स्वतःच्या फोनची काच तडकलेली होती. चारचौघांत तो बाहेर काढायची लाज वाटली, म्हणून संकेतस्थळ दाखवायला त्यांनी सुनेचाच फोन बॅगेत टाकला आणि गाडीत चार्जिंगला लावून सुरू केला. माणसाला नेमकी कशाची लाज वाटते, बघा.

सभागृहात शेजारच्या शहराच्या अधिकारी बाई आधी बोलायला उभ्या राहिल्या. मदतकेंद्राची भरती त्यांच्याकडे होती. "तुमच्या शहरातल्या एका बाईंची निवड झालीय," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "पण त्यांचा फोन सदा बंद. आज होकार आला नाही, तर जागा दुसरीला जाईल. थांबा, सगळ्यांसमोरच लावते."

साहेबांच्या बॅगेत फोन वाजला.

त्यांनी घाईघाईनं बॅग उघडली, फोन बंद करायला गेले आणि घाबरलेल्या बोटानं उचलला. बाईंचा आवाज समोरून आणि फोनमधून एकदमच आला, "कोण बोलतंय?"

"मी... त्यांचा सासरा."

"त्यांना द्या ना."

"ती घरी आहे."

"मग त्यांचा फोन तुमच्याकडे कसा?"

साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला. कान तापले. निदान कोणी हसलं असतं, तर बरं वाटलं असतं. पण चारही शहरांचे पुरुष माना खाली घालून बसले होते. या एका बाबतीत त्यांचं सहकार्य जुनंच होतं.

साहेब भाषण तिथेच टाकून घरी आले. सून कपडे वाळत घालत होती. त्यांनी फोन पुढे केला. "तुझी निवड झालीय. बाई वाट बघताहेत."

तिनं हात पुसले, फोन घेतला आणि परत त्यांच्यापुढे धरला. "याचं लॉक तुम्ही बदललंत. उघडून नका देऊ. काढूनच टाका."

"अहो, विचार करा," सासूबाई म्हणाल्या.

"विचारच केला नव्हता इतके दिवस," साहेब म्हणाले आणि त्यांनी लॉक काढलं.

सुनेनं स्पीकर लावून फोन केला. होकार दिला. तेव्हा बाईंनी विचारलं, "इतके दिवस फोन बंद का होता हो?"

सासूबाई डोळ्यांनी खुणावू लागल्या. सुनेनं साहेबांकडे बघितलं. मग म्हणाली, "सासऱ्यांनी काढून घेतला होता."

"खरं आहे," साहेब फोनजवळ वाकून म्हणाले. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "खरं आहे, बाई. सभेत तसंच सांगा."

तिकडे सभागृहात बाईंनी ते सांगितलं आणि निवड झालेल्या पुढच्या बाईचा नंबर लावला. तोही बंद होता. तो कोणाच्या कपाटात आहे, हे आता ज्याचं त्यानं घरी जाऊन बघावं.