दहाव्या गड्याचं सासर

संघाचं खरं बळ मैदानावरच्या नऊ गड्यांत नसून बाहेर बसलेल्या दहाव्या गड्यात असतं, हा सिद्धान्त जळगावच्या एका जिनिंग-प्रेसचे मुकादम चुडामण आबा यांनी मांडला होता, आणि दर दसऱ्याला सामन्याआधी रुईच्या गाठीवर उभं राहून ते तो नव्याने मांडत. ऐकणारे माना डोलवत. खुद्द दहाव्या गड्याला मात्र मान डोलवायची सोय नसे. कारण त्या वेळी त्याच्या डोक्यावर स्वतःच्या पागोट्यावर आणखी तिघांची पागोटी चढवलेली असत, आणि उरलेल्यांचे सदरे काखेत.

दहावा गडी म्हणजे जीवराम. जिनच्या शेठला हुतूतूचा नाद होता आणि त्या नादापायी त्याने दहा माणसं पदरी ठेवली होती. हजेरीपटावर ती हमाल म्हणून लागलेली, पण गाठ उचलताना त्यांच्यापैकी कोणाला कोणी पाहिलेलं नव्हतं. सकाळी दंड-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी सराव आणि जिथे जत्रा भरेल तिथे सामना, हाच त्यांचा धंदा. सन अडतीस उजाडलं तेव्हा जीवरामला या धंद्यात सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत त्याने मैदानात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

यात त्याच्यावर कोणी अन्याय केला होता असं नाही. उलट ही व्यवस्था त्यानेच फार मेहनतीने टिकवली होती. त्याचा दम आखूड होता. 'हुतूतू' म्हणत निघाला की सहाव्या पावलाला घशात कापूस अडकल्यासारखं व्हायचं. पहिल्या वर्षीच त्याच्या ध्यानात आलं की बाकीचे नऊ जण धडधाकट आहेत तोवर आपल्याला धोका नाही. मग त्याने त्या नऊ जणांच्या प्रकृतीला वाहूनच घेतलं. एदलाबादेच्या एका हाडवैद्याकडे दोन उन्हाळे काढून तो चोळायला, मुरगळलेलं सरळ करायला आणि आंबेहळदीचा लेप घालायला शिकला. सराव संपला की तिळाचं तेल घेऊन तो एकेकाच्या पिंढऱ्यांवर बसे. कोणी नुसता शिंकला तरी काढा तयार. शेजारच्या गावांतले संघ दर हंगामात लंगडत घरी जात, आणि जळगावचे नऊच्या नऊ ठणठणीत राहत. आबा म्हणत, पाहा, हे दहाव्या गड्याचं बळ. आबांचं बरोबर होतं, फक्त कारण त्यांना माहीत नव्हतं.

अडचण होती ती सासरची. जीवरामचं सासर धुळ्याच्या पुढे, आग्रा रोडवरचं सोनगीर. त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, माहेरी सांगून ठेवलं होतं की आमच्या यांना शेवटच्या घडीसाठी राखतात, बियाणं काय कोणी रोज दळायला काढतं? हे ऐकून सोनगिरात जावयाचा दबदबा वाढला होता. तो गेला की ओट्यावर घोंगडी पडे, आणि माणसं त्याच्या दंडांकडे चोरून पाहत. मेव्हणा धनसिंग स्वतः सोनगीरच्या संघाचा म्होरक्या, तोसुद्धा त्याच्यासमोर खेळाचा विषय काढताना आवाज खाली घेई. जीवराम फारसं बोलत नसे. न बोलल्याने दबदबा आणखी वाढे. जन्मात कमावलेली एवढी एकच इस्टेट त्याच्याजवळ होती, आणि ती सोनगिरात ठेवलेली होती.

त्या वर्षी चैत्रात, जिन बंद झाल्यावर, सोनगीरच्या जत्रेचं आव्हान आलं. बक्षीस म्हणून तिथल्या तांबटांनी घडवलेलं, दोन माणसांनी उचलावं असं तांब्याचं घंगाळ. शेठने होकार कळवला. जीवरामने त्या दिवसापासून तेलाचं प्रमाण दुप्पट केलं.

पण माणसाने किती म्हणून चोळावं? सामन्याला आठ दिवस उरले असताना भिकन, म्हणजे संघाची पकड, बोदवडला एका लग्नाला गेला. तिथे वरपक्षाने विचारलं की तुमची ती प्रसिद्ध पकड असते कशी. भिकनने ती दाखवली. दाखवायला माणूस कोणी पुढे येईना, म्हणून त्याने वरातीच्या दमणीचा बैल धरला. बैलाला हुतूतूचे नियम ठाऊक नव्हते. भिकनचा खांदा निखळला. जीवरामने तो बसवला, रुईची पानं शेकून बांधली, हातापाया पडून देवाला विनवलं, पण महिनाभर हात वर व्हायचा नाही हे त्याला इतर कोणापेक्षा जास्त कळत होतं. चार दिवसांनी संघातल्याच वनाला गळू झालं, आणि तेही अशा जागी की बसायची चोरी. सात वर्षं खेळताना कोणाला खरचटलं नव्हतं आणि आता न खेळताच माणसं पडत होती.

आबांनी जीवरामला बोलावलं. म्हणाले, "जीवराम, तुझा दिवस आला."

जीवरामने विचारलं की आणखी कोणी नाही का. आबा म्हणाले की नऊ अधिक एक मिळून दहा होतात, भिकन गेला, नऊ राहिले, त्यातला एक तू. हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. वना गळवासकट खेळणार होता.

पुष्पाबाईला कळलं तेव्हा तिने नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सोनगिरात आपण काय काय सांगितलंय हे ती बहुतेक मनात आठवत असावी. मग म्हणाली, "पडलात तर निदान बायका बसतात त्या बाजूला पडू नका."

मंडळी, माहेरी निघालेल्या पुष्पाबाईसकट, टापटी लाइनच्या गाडीने निघाली आणि नरडाण्याला उतरली. झुलाल हा संघातला सगळ्यांत लांब दमाचा गडी. गाडी पुरती थांबायच्या आतच त्याने उडी मारली आणि उजवा घोटा मुरगळला. पुढे बैलगाडीत जीवराम सोनगीर येईपर्यंत तो घोटा मांडीवर घेऊन बसला होता. सूज थोडी उतरली, जीवरामचा चेहरा पार उतरला.

आबांना मात्र अशा वेळी सुचतं. शत्रूला आपला लंगडा कोण ते कळता कामा नये, असं म्हणून त्यांनी एक धोतर फाडलं आणि सगळ्या गड्यांच्या डाव्या गुडघ्याला पट्ट्या बांधल्या. झुलालचा दुखरा उजवा घोटा मुद्दाम उघडा ठेवला. एकट्या जीवरामला पट्टी पुरली नाही. आबा खूश होते. जीवरामला मैदानात उतरायचं होतं, त्यामुळे पागोटी धरायला कोणी उरलं नव्हतं. ती आबांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तेवढ्यानेच त्यांना मान वळवता येईना.

किल्ल्याच्या पायथ्याला मैदान आखलं होतं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, आणि बायकांच्या पुढे जीवरामच्या सासूबाई भिकुबाई, पदर डोक्यावर, हात मांडीवर. पंच धुळ्याचे एक शाळामास्तर होते. तिकडच्या नियमाने मेलेला गडी पुन्हा जिवंत होत नसे. ज्या बाजूचे सगळे आधी मरतील ती बाजू हरली.

सोनगीरचे लोक काही कमी नव्हते. आठ डाव्या गुडघ्यांना आठ पट्ट्या पाहून त्यांनी लगेच ओळखलं की हे सोंग आहे, आणि ठरवलं की ज्या पायाला पट्टी नाही तोच धरायचा. झुलाल पहिल्याच चढाईला गेला आणि त्याचा उजवा घोटा सापडला. तो जो ओरडला त्यात त्याचा दम तुटला. वनाच्या कमरेला मिठी घालायला त्यांनी हात पसरले, तर मिठी बसायच्या आतच तो "मेलो" म्हणत आपण होऊन बाहेर चालू लागला. बाहेर गेलेल्यांना चोळायला कोणी नव्हतं. ते तिथेच आडवे पडून जीवरामकडे पाहत राहिले, आणि जीवराम मैदानातून त्यांच्याकडे.

पाहता पाहता जळगावचे चौघे उरले आणि सोनगीरचे सहा. आबांनी पागोट्यांखालून जीवरामला खूण केली.

जीवरामने मधली रेघ ओलांडली. हुतूतू म्हणत तीन पावलं गेला. आता पाय ओढले जाणार, तोंड मातीत जाणार आणि पुष्पाबाईच्या माहेरी उद्यापासून ओट्यावर घोंगडी पडणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण कोणी पुढे आलं नाही. सहाही गडी मागे सरले. जीवराम चौथं पाऊल गेला, ते आणखी मागे गेले. गेल्या वर्षी एका गड्याच्या बरगड्या मोडणारा पैलवान त्यांच्यात होता. त्याने तर हातच जोडले.

कारण अगदी साधं होतं. जीवराम धनसिंगचा मेव्हणा होता म्हणजे साऱ्या गावाचा जावई होता. गावच्या जावयाला तंगडी धरून, सासूसमोर, मातीत लोळवायचं कोणी? लोळवणाऱ्याच्या घरी पुढे कोणी मुलगी दिली असती? या गोष्टी आधी ठरवाव्या लागत नाहीत. जावई समोर आला की माणूस आपोआप मागे सरकतो. तसे ते सरकले, आणि त्यांतले तिघे शेवटची रेघ ओलांडून बाहेर गेले. मास्तरांनी शिटी वाजवून तिघे मेल्याचं जाहीर केलं. मास्तरांची बायको नाशिकची होती, त्यामुळे त्यांना यात काही अवघड वाटलं नाही.

जीवराम तिथूनच वळला आणि दम संपता संपता मधल्या रेघेअलीकडे परतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या चढाईत त्याने आणखी दोघांना असंच मागे नेऊन बाहेर घालवलं. मधल्या काळात जळगावचे बाकीचे तिघे मेले, कारण ते कोणाचे जावई नव्हते. शेवटी इकडे एकटा जीवराम राहिला, तिकडे एकटा धनसिंग, आणि चढाई धनसिंगची.

धनसिंग पायाच्या फटक्यासाठी नावाजलेला होता. लांबून यायचा आणि पायाचा अंगठा नुसता लावून जायचा. तो हुतूतू करत आला, पाय उचलला, आणि समोर कोण आहे ते दिसल्यावर पाय खाली ठेवला. मग हात पुढे केला. तेवढ्यात बायकांच्या बाजूला भिकुबाई खाकरल्या. धनसिंगचा हात होता तिथे थांबला. मेव्हणे-मेव्हणे हातभर अंतरावर एकमेकांकडे पाहत उभे राहिले. एक घामाघूम, दुसरा हुतूतू म्हणतोय. आवाज बारीक होत गेला, मग नुसते ओठ हलले, आणि मग धनसिंगने मोठा श्वास घेतला.

"दाजी," तो चहूकडच्या गर्दीकडे पाहत म्हणाला, "बठ्ठा गाव देखी राहिना. मी तरी काय करू?"

मास्तरांनी शिटी वाजवली. जळगाव जिंकलं.

जीवरामला घंगाळात बसवून मिरवलं. आबांनी तिथल्या तिथे नवा सिद्धान्त मांडला की राखीव गडी निवडताना दंड-मांड्या पाहण्यात अर्थ नाही, सासर पाहावं. पुढच्या वर्षी सामना बोदवडला होता. बोदवडची बायको कोणाची आहे, असं त्यांनी विचारलं. कोणाचीच नव्हती. मग बिनलग्नाचे कोण कोण आहेत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एक-दोघे संकोचून पुढे आले.

दुपारी सासरी खापरावरचे मांडे झाले. जीवराम पाटावर बसला होता. पहिल्या मांड्यापर्यंत त्याला आपण कसे वाचलो हे नीट आठवत होतं. दुसऱ्या मांड्याला ते जरा धूसर झालं. तिसऱ्याला त्याला वाटू लागलं की आपल्या चालण्यातच असं काही असेल की समोरचा मागे सरकतो. चौथ्याला तो धनसिंगला समजावू लागला की दमाचं कसं असतं, तो छातीतून नाही, बेंबीतून घ्यायचा, आणि शत्रूच्या डोळ्यांत पाहायचं. धनसिंगने मान खाली घालून ऐकून घेतलं. पुष्पाबाई वाढता वाढता थांबली आणि तुपाची वाटी घेऊन आत निघून गेली.

हात धुवायला जीवराम परसात आला तेव्हा भिकुबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. पाणी घालताना त्यांनी त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बोटं एकेक दाबून पाहिली. जीवराम संकोचला. म्हणाला की सासूबाई, काही लागलं नाही, मला सहसा कोणी हात लावत नाही.

"तेच देखी राहिनू," भिकुबाई म्हणाल्या. "म्हणीसन तं मी खाकरनू. पोरगा तुमना हातपाय मोडता, तं मंग मी काय करतू?"

सासूची एवढी माया त्याला माहीत नव्हती. तो म्हणाला की तुमचा आशीर्वाद होता म्हणूनच आज एवढं खेळलो.

भिकुबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर सावरला आणि गोठ्याकडे बोट केलं.

"पुष्पी सांगस, चोळाले तुमना हातले गुण शे. आठ दिन व्हई ग्यात, म्हैसना मांगला पाय मुरगळेल शे. तेवढा जरा चोळी द्या."