गाळातला महाविषाणू

मित्रांनो, मी तळ्याच्या गाळातला एक जुना महाविषाणू आहे. नावावर जाऊ नका. विषाणूंमध्ये थोराड असलो, तरी तुमच्या डोळ्यांना मी दिसायचा नाही. युसूफ वडगावच्या शिवारात, आटत आलेल्या तळ्यात माझा मुक्काम.

मला ना आई, ना अंगाई. गाळात सरपटणारा अमिबा मला घास समजून गिळतो. त्याच्या पोटात मी माझ्यासारखे कितीतरी घडवतो. मग तो फुटतो नि आम्ही पाण्यात सांडतो. त्याचं मरण, तेच आमचं बाळंतघर.

अमिबांची एक जात फार वाईट. पाणी तापलं की माजते. पोटात गेली तर काही करत नाही. नाकात शिरली तर थेट मेंदू गाठते. तिलाही मी मारतो. पण तिने आधी मला गिळायला हवं. मला चालून जाता येत नाही.

लोकर कातरण्याआधी मेंढरं पाण्यात घालून धुतात. बंकट मेंढपाळाची म्होरकी मेंढी पाण्याला बिचकायची. त्याची लेक सुकन्या पुढे पोहायला लागली, की म्होरकी तिच्यामागे नि कळप म्होरकीमागे. गेल्या उन्हाळ्यात खुरांनी वरचा गाळ ढवळून निघाला. काठावरून कडूबाई लेकीला म्हणाली, "बुडी नगं मारू बाई, पानी लई गरम हाय."

"आगं आये, म्होरकीबी हसायलीया तुला," म्हणत सुकन्याने बुडी मारली. वर येऊन नाक शिंकरलं. नाकात गेलेल्या थेंबात त्या वाईट जातीचा अमिबा होता. मी हातभर खाली, गाळात.

पुढचं काठावरच्या बोलण्यातून कळलं. डोकं ठणकलं, ताप चढला. ऊन लागलं म्हणून घरच्यांनी कांदा फोडून कपाळाला चोळला. मान ताठली तेव्हा जीपने तालुक्याला, केजला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. तोवर ती आईलाही ओळखेना. घरी आली ती पांढऱ्या कापडात.

यंदा बंकटने मेंढरं काठावरच बादलीने धुतली. म्होरकी मात्र आपणहून पाण्यात उतरली, मानेपर्यंत गेली नि तिथंच थांबली. बंकट बादली ठेवून पाण्याच्या कडेला गेला. मग हळूच म्हणाला, "ये माघारी. ती न्हाई तिथं."

मित्रांनो, माझ्या भरवशावर राहू नका. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात नाक बुडवू नका. काठावरून आई नको म्हणाली, तर ऐका. मला हाक मारता येत नाही.