साडेचारशेचा आकडा

हेमराजच्या हाताला गुण आहे असं वर्ध्यातले लोक म्हणत, आणि हेमराज ते जरा जास्तच मनावर घेई. सन नव्व्याण्णवची गोष्ट. गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवून दाखवणारा त्यात हा एकटाच. मशीन सुरू झालं की पडद्यावर आधी तो आकडा उमटे. पुष्कळ लोक त्याच्या दुकानात नुसता आकडा बघायला येत आणि चहा पिऊन जात.

वच्छलाबाईंचं मशीन त्यानं असंच पळतं करून दिलं होतं, तेही प्रेमानं. तो त्यांचा विद्यार्थी. बाईंनी तीस वर्षं अर्ध्या वर्ध्याला टायपिंग शिकवलं. त्यांच्या कागदाला खोडरबर लागत नाही अशी ख्याती होती. कॉम्प्युटर आले आणि त्यांची इन्स्टिट्यूट ओस पडली, तेव्हा साठीला टेकलेल्या बाई रडत बसल्या नाहीत. नवं यंत्र शिकल्या आणि घरबसल्या पोरांचे प्रबंध टाइप करून देऊ लागल्या. आपल्या बाईंकडे गावातलं सगळ्यात वेगवान मशीन आहे, याचा हेमराजला कोण अभिमान!

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग प्रबंध जाडजूड होत गेले, मशीन अडखळू लागलं, म्हणून त्यानं नागपूरहून रॅमची आणखी एक पट्टी आणून बसवली. इथंच माशी शिंकली. जुनी पट्टी वाढवलेला वेग सोसत होती, नवीला तो सोसेना. जोडीतला एक बैल दमात कमी असला की गाडी कुठं जाईल याचा भरवसा नसतो, तसं झालं. बरं, मशीन बंद पडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते दिवसभर गुमान चाले आणि बाईंनी केलेल्या कामाची मधूनच माती करी. सकाळी उघडावं तर कधी शेवटची दहा पानं गायब, कधी फाइल उघडायलाच तयार नाही.

हेमराजला रोग पहिल्याच दिवशी कळला. उपायही दहा मिनिटांचा होता, वेग पुन्हा तीनशेवर आणायचा. पण मग पडद्यावर तीनशे उमटलं असतं! ज्या साडेचारशेची त्यानं गावभर दवंडी पिटली, तो आकडा बाईंच्याच घरी उतरवायचा, हे त्याच्या जिवावर आलं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, सेव्ह कराले इसरल्या असान तुमी."

"असन बापा," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर सुटलो म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पण लाजेचीही सवय होते. पुढच्या दोन महिन्यांत तेच वाक्य तो आणखी तीनदा बोलला. नागपूरला गेलो की चांगली पट्टी आणू, असं मनाशी म्हणत राहिला, आणि दिवाळीच्या गर्दीत नागपूर राहूनच गेलं.

दिवाळीनंतर बाईंनी त्याला बोलावून घेतलं. मशीन घेऊन जा म्हणाल्या. बिंग फुटलं असं त्याला वाटलं. पण बाई शांतपणे स्वतःच्या आईबद्दल बोलू लागल्या. शेवटी शेवटी आईला पोटची पोरं ओळखू येत नव्हती. एकदा घरातून निघून गेली ती पुलगावच्या स्टेशनावर सापडली. आता आपलंही तसंच सुरू झालंय, बाई म्हणाल्या. सेव्ह केल्याचं पक्कं आठवतं, आणि बघावं तर केलेलं नसतं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण डॉक्टर घटकाभर बघतो, मशीन दिवसभर बघतं. हातातले प्रबंध त्यांनी परत केले होते. वर्षाली, त्यांची सून, त्यांना एकटीनं गॅस पेटवू देत नव्हती. नातीला, रक्षाला, रोज बोट धरून शाळेत त्याच नेत. तेही त्यांनी आपणहून सोडलं होतं.

"पोरीले कुठी सोडून आली त काय करू मी?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढून दाखवली. रस्त्यात काही सुचेनासं झालं तर लोकांनी घरी आणून सोडावं म्हणून, वळणदार अक्षरात त्यांचं नाव आणि पत्ता.

हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही पळवाट होती. गुपचूप वेग उतरवावा, मशीन बिघडलं होतं, आता झालं ठीक, असं सांगावं. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलंही. पण चिठ्ठी अजून बाईंच्या हातात होती.

"बाई, तुमी काईच इसरल्या नाई," तो म्हणाला, आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं.

"तुले कधीपासून मालूम होतं?"

"पयल्या दिवसापासून."

बाईंनी वर्षालीला हाक मारली. ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. बाई हेमराजला म्हणाल्या, "आता मले सांगतलं, ते हिले सांग."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. वर्षाली त्याच्यापेक्षा लहान, तिच्यासमोर जीभ उचलेना. त्यानं नव्या पट्टीपासून सुरुवात केली, मग प्रोसेसरवर आला, मग पुन्हा पट्टीवर.

बाईंनी त्याला मधेच तोडलं. "पट्टीचं मंग सांगजो. खोटं कोन बोललं, ते आंधी सांग."

"मी बोललो."

वर्षालीनं सासूकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर तिनं त्यांच्या हातून काडेपेटी काढून घेतली होती.

"उद्यापासून रक्षाले शाळेत मी नेईन," बाई तिला म्हणाल्या.

हेमराजनं मशीन उघडलं आणि वेग उतरवला. पडद्यावर तीनशे उमटलं, ते बघायला कुणी थांबलं नाही. बाईंनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण बाई रक्षाचं दप्तर भरायला आत निघून गेल्या होत्या. दप्तर कुठं आहे, हे त्यांनी वर्षालीला विचारलं नाही.