मोठ्या आईची खुर्ची

माझा नवरा भूपेश लेन्स तपासते. नोकरी वेगळी आहे, पण जीव याच्यात. मिररलेस कॅमेऱ्याची नवी झूम लेन्स आली की कंपनी त्याले थोड्या दिवसांसाठी वापरून पाहाले पाठवते, अन् हा आपल्या यूट्यूब चॅनलवर तिची पार अब्रू काढते. "मधात तं कोणतीही लेन्स चांगलीच दिसते वं भारती," हे त्याचं रोजचं. "खरी औकात फोटोच्या कोपऱ्यात समजते." मग काय, विटांच्या भिंतीचे फोटो, दाराले पेपर चिकटवून त्याचे फोटो. आमच्या लग्नाचा एक फोटो भिंतीवर नाही, पण भिंतीचे फोटो ढीगभर.

यावेळची लेन्स आली ती नेमकी चिन्मयीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी. चिन्मयी माझी नणंद. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून भूपेशले अन् तिले मोठ्या आईनं वाढवलं. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या सासऱ्यांची बायको, कुसुमावती. मोठे बाबा गेले तेव्हापासून घरात कोणतंही शुभकार्य असो, त्या आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी. कोणी हाकललं नाही, पण हात धरून कोणी पुढंही आणलं नाही. फोटोच्या वेळी तं त्या हटकून गायब.

यावेळी चिन्मयीनं साऱ्यांले ठणकावलं होतं. "मोठी आई माझ्या बाजूले बसन. मधात, खुर्चीवर. मले तो फोटो पाहिजे, नाही तं मी उभीच राहत नाही." नवरदेवाकडच्या, मौद्याच्या पाहुण्यांतल्या एका आत्याबाईनं नाक मुरडलं, पण पोरगी काही हटली नाही. शेवटी मोठ्या आईनं मोठ्या बाबांनी मागावर विणलेलं बारीक चौकटीचं लुगडं पेटीतून काढलं. "बरं दिसते का वं?" सकाळपासून किती वेळा विचारलं त्यांनी मले.

लकडगंजच्या हॉलमध्ये ओटी भरली अन् पाहुण्यांनी आणलेली साडी नेसाले चिन्मयी आत गेली. बाकीचे ओळीनं उभे होते. मोठी आई मधात खुर्चीवर, पाठ ताठ करून. भूपेशनं कॅमेऱ्यातून पाहिलं अन् त्याचं डोकं फिरलं. इतक्या बारीक चौकटीचं कापड! कोपरा तपासाले याच्याहून चांगलं काय भेटन?

"मोठी आई, तू इकडे टोकाले ये बरं," म्हणे. "भारती, खुर्ची सरकव."

मी पण अशी गाढव, हसत हसत खुर्ची उचलली अन् पार डाव्या टोकाले नेऊन ठेवली. हा लेन्स पाहून राहिला, हे मले माहीत होतं ना. चिन्मयी आली की परत मधात नेऊ, इतकंच डोक्यात. पण ते त्यांले कोण सांगन? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बसा, बसा."

यानं धडाधड फोटो काढले. चिन्मयी बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी. डोकं दुखते म्हणून मोठी आई आतल्या खोलीत जाऊन पडल्या होत्या. चिन्मयीनं किती विनवलं, त्या उठल्याच नाही. पाहुण्यांची निघाची घाई. फोटो त्यांच्याशिवाय निघाला.

काल भूपेश कॉम्प्युटरवर ते फोटो मोठे करून पाहून राहिला होता. "लेन्सच बेकार आहे!" ओरडला. "उजवा कोपरा पहा कसा कडक, अन् डावा सारा पुसलेला."

मी चहा घेऊन गेली होती. वाकून पाहिलं. मोठ्या आईचा चेहरा खरंच पुसट होता. पण त्यांच्या मागच्या पडद्याची शिवण न शिवण मोजून घ्या.

"काहीतरीच काय बोलतो," मी म्हटलं, "पडदा तं साफ आहे. लेन्स बेकार असती तं तो कसा साफ आला असता?"

तो एकामागून एक फोटो लावत गेला. पहिल्यात चेहरा हललेला. मग मान बाहेरच्या बाजूले वळलेली. मग अर्धं अंग फोटोच्या बाहेर. शेवटच्यात नुसता हात, अन् तोंडाकडे नेलेला पदर. लेन्सले काहीच झालं नव्हतं.

"रडून राहिली होती का वं ते?" भूपेशचं तोंडचं पाणी पळालं. मले तं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्ची मी उचलली होती. "बसा, बसा" मीच म्हटलं होतं.

आम्ही तसेच खाली गेलो. मोठी आई मेथी निवडत बसल्या होत्या, अन् चिन्मयीचा राग अजून उतरला नव्हता. "साऱ्या जगाशी भांडली मी तुझ्यासाठी, अन् तू ऐन वेळी डोकं दुखवून बसली!"

"दुखलं तं काय करू वं," मोठी आई म्हणाल्या. आमचं नाव काही त्यांनी काढलं नाही.

"चिन्मयी, तिले काही बोलू नको," भूपेश दारातूनच म्हणाला. "मधातून तिले मी उठवलं होतं."

"काहून?"

"लेन्सचा कोपरा पाहाचा होता. लुगडं बारीक चौकटीचं होतं, म्हणून..." असं मोठ्यानं म्हटल्यावर ते ऐकवत नव्हतं हो.

"दादा, तुले लाज..." चिन्मयी ताडकन उठली. पण मोठ्या आईनं तिचा हात धरला.

"लेन्सच पाहून राहिला होता तू?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुले पण माहीत होतं वं?"

मी होकाराची मान हलवली. म्हटलं, आता शिव्या देतील, द्याव्याच. पण त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू.

"म्हणजे तुमच्या मनात ते नव्हतं," म्हणाल्या. "मले वाटलं, मी वाढवलेल्या लेकरांलेही मी मधात नको झाली." अन् डोळे पुसत हसल्या. "बस वं चिन्मयी खाली. लेन्स पाहून राहिला होता तो, बाकी काही नाही." मग भूपेशच्या पाठीवरून हात फिरवला. "मग बाबू, चांगली निघाली का तुझी लेन्स?"

एका लेन्सवर तासभर बोलणारा माणूस, त्यांच्या पायाशी खाली बसला. मी मेथीची जुडी ओढली अन् मान खाली घालून निवडत बसली.