सगळ्यांच्या मागून येणारी गाडी

मित्रांनो, मी सत्तावीस सीटांची एक जुनी बस आहे. जुनी हे मी माझ्या तोंडानं म्हणते. लोक त्याहून वाईट म्हणतात. वाटेत बंद पडले की 'डबडं', आणि चढावर धक्का मारायची वेळ आली की जे म्हणतात ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, पत्रे बसले, पांढरा रंग चढला आणि दोन्ही अंगांवर दवाखान्याचं नाव आलं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. रोज आंघोळ, वेळच्या वेळी ऑइल, खिडक्यांना निळे पडदे. तेव्हा मी डॉक्टरांना आणि नर्सना ने-आण करायचे. पुढे पडदे विरले, ते पुन्हा कुणी लावले नाहीत. सीटांमधला स्पंज बाहेर डोकावू लागला. मग मला किडनीच्या पेशंटांच्या कामाला लावलं. ते बिचारे कशाचीच तक्रार करत नाहीत.

आमच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन नाही. ज्यांची किडनी थकली त्यांचं रक्त ते मशीन साफ करतं, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. त्यासाठी मी नऊ जणांना साठ किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात नेते आणि संध्याकाळी परत आणते. येताना सगळे गळून गेलेले असतात. खड्ड्यात माझं चाक आदळलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

खरं तर आमच्याकडे मशीनसाठी खोली तयार आहे. फरशी झाली, नळ आले, प्लग बसले. मशीन तेवढं आलं नाही. तीन वर्षं त्या खोलीत मोडक्या खाटा पडून आहेत.

माझ्या नऊ जणांत तेरा वर्षांची एक मुलगी आहे. ती पहिल्या सीटवर बसते. सगळे चढले की माणसं मोजून 'चला' म्हणायचं काम तिचं, म्हणून ड्रायव्हरकाका तिला कंडक्टरबाई म्हणतात. तिची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुते. मायलेकी वाटेतल्या गिरणीच्या वळणावर उभ्या असतात. आई हात वर करते, मी थांबते.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या आठ जणांनी हाफ मॅरेथॉन पळायची ठरवली, एकवीस किलोमीटरची. पळायचं आणि मशीनसाठी देणगी गोळा करायची. टीम जमवली डॉक्टरीणबाईंनी. आठवं नाव त्यांनी आईचं घातलं.

"मी कसली पळतेय, बाई!" आई म्हणाली. "माझं वय बघा."

"तुमच्या लेकीसाठीच तर पळतोय आम्ही. तुम्ही नको होय?"

देणगी जमली, पण मशीनच्या निम्म्यालाही पुरेना. मग शर्यतीच्या आदल्या दिवशी पाइपांच्या कारखान्याचे मालक मांडवात माइकवर म्हणाले, "आठच्या आठ जण वेळेत पोचले तर उरलेलं सगळं माझ्याकडून. पण आठच्या आठ हं! एकही कमी चालणार नाही!" लोक हसले, टाळ्या पडल्या. कुणाला त्यात काही अवघड वाटलं नाही. साडेतीन तासांची मुदत होती आणि आईनं सरावात तेवढंच अंतर तीन तास पंचवीस मिनिटांत कापलं होतं. पाच महिने ती उजाडायच्या आत पळत होती आणि मग दिवसभर ओल्या चादरी पिळत होती.

त्या शर्यतीत मलाही काम मिळालं. सगळ्यांच्या मागून हळूहळू जायचं आणि जो मागे पडेल त्याला गाडीत घ्यायचं. मी ज्याला गाठलं त्याची शर्यत संपली. या कामासाठी मेकॅनिकनं माझा रेडिएटर साफ केला, पट्टा बदलला, ब्रेक ठाकठीक केले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे लक्ष दिलं म्हणून मी हरखून गेले होते, हे कबूल करते.

मुलीला उन्हात उभं राहवत नाही, म्हणून काकांनी तिला माझ्या पहिल्या सीटवर बसवलं. काचेतून तिला आई दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी आठही जणांना बजावलं होतं की पुढे उभे राहा, वेळ भोंगा वाजल्यापासून मोजतात. आई पुढेच उभी होती. पण मागून कुणी आलं की ती बाजूला व्हायची. "जा बाबा, तू पुढं जा. मी काय, हळू पळणारी." एकाला वाट दिली, दुसऱ्याला दिली. असं करत करत भोंगा वाजला तेव्हा ती माझ्या बंपरला टेकली होती. पुढची हजारो माणसं सरकेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मुलीनं काचेवर टकटक केलं. आईनं वळून हसून हात हलवला आणि पळू लागली.

सुरुवातीला ती छान पळाली. बघता बघता दिसेनाशी झाली. मुलगी सीटवरून उठून उठून बघायची. वाटेत चार-पाच दमलेली माणसं मी गोळा केली. सोळाव्या किलोमीटरनंतर रस्ता सरळ होता, आणि तिथं ती पाठमोरी दिसली. एक पाय ओढत होती.

"काका, हळू घ्या ना."

"हळूच आहे गं, राणी. याहून हळू म्हणजे उभीच."

माझ्या पायरीवर संयोजकांचा एक माणूस फोन घेऊन उभा होता. तो वाईट नव्हता. त्यालाही घाम फुटला होता. "काका, वेळेच्या मागे आहोत आपण. मागं रस्ता उघडायचाय. दोन ॲम्ब्युलन्स अडकल्यात, मला शिव्या बसतायत."

मित्रांनो, मी आयुष्यभर नको तिथं बंद पडले. लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन बंद पडले, भर चौकात बंद पडले. त्या दिवशी मी मनापासून बंद पडायला बघत होते. पण मेकॅनिकचा हात चांगला होता. पाणी तापल्याचं दाखवणारा काटा जागचा हलला नाही. काकांनी दोनदा इंजिन मुद्दाम बंद केलं, आणि दोन्ही वेळा मी एका किल्लीत सुरू झाले.

एकोणिसाव्या किलोमीटरला मी तिच्या अगदी मागे होते. मागून हॉर्न वाजत होते. तिनं मान वळवून पाहिलं. माझ्यामागची गाड्यांची रांग पाहिली, ॲम्ब्युलन्स पाहिल्या. मग ती कडेला झाली आणि तिनं हात वर केला, गिरणीच्या वळणावर करते तसाच. मी थांबले. थांबण्याशिवाय मला दुसरं काही येतच नव्हतं.

"माझ्यापायी सगळे खोळंबलेत," ती पायरी चढताना म्हणाली.

संयोजकांच्या माणसानं खाली मान घालून तिच्या छातीवरच्या नंबराच्या पिना काढल्या. मुलीनं आपली छोटी बाटली पुढे केली. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि तिच्या वाट्याचं दिवसभराचं पाणी तेवढंच होतं.

"घे ना, आई. मला आज तहानच नाही."

आईनं बाटली घेतली नाही. ती तोंडात पदर कोंबून रडली. आम्ही निघालो तेव्हा कंडक्टरबाई 'चला' म्हणाली नाही.

बाकीच्या सात जणांना पदकं मिळाली. मालक म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा. अगदीच रिकाम्या हातानं जायला नको म्हणून त्यांनी दवाखान्याला वॉटर कूलर दिला. मी जिथं उभी असते तिथंच तो बसवलाय. माझे पेशंट त्याच्या शेजारी उभे राहून माझी वाट बघतात.

पुढच्या वर्षीची शर्यत झाली नाही. नऊ जणांतले दोघं आता येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे दोघं येतात. माझं पासिंग दोन महिन्यांत संपतंय. नव्या गाडीसाठी अर्ज गेलाय म्हणे.

परवा मोठ्या दवाखान्यात एक मशीन बिघडलं. नऊ जणांतल्या एकाला तसंच परत जावं लागणार होतं. पहिले आत जातील त्यांना मशीन मिळेल, असं नर्सनं सांगितलं. मुलगी पहिल्या सीटवर, म्हणजे उतरण्यातही पहिली. ती पायरीपर्यंत आली आणि बाजूला झाली. "आजोबा, तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. आजोबा उतरले, मग बाकीचे उतरले. त्या दिवशी रजा टाकून सोबत आलेल्या आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? दोघी चार तास माझ्यातच बसून राहिल्या. मुलीचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आमची निगा राखा' म्हणून तुम्हाला विनवतात. मी ते विनवणार नाही. माझी नीट निगा राखली, त्याच दिवशी मी त्या आईला गाठलं. मी एवढंच मागते, मित्रांनो, की रांगेत कुणी तुमच्यासाठी बाजूला झालं, तर लगेच पुढे सरकू नका. त्याचं काय राहिलंय ते आधी विचारा. तो 'काही नाही' म्हणेल. त्याचं ऐकू नका.